शेजारच्या पुस्तकासाठी

शनिवार

पणजीत पाटोचा पूल ओलांडला तेव्हा आभाळ नुसतं दाटलेलं होतं. चर्चपाशी पोचले आणि असा कोसळला की छत्री नावापुरती उरली. समोर सिंगबाळ बुक हाऊस. आत शिरले. पाऊस नसता तरी शिरलेच असते.

घ्यायचं काही ठरलं नव्हतं. पुस्तकांच्या दुकानात जायची माझ्या मते हीच खरी वेळ. यादी घेऊन गेलं की डोळे फक्त नावं शोधतात, सापडलं नाव की हात पुढे होतो, पैसे दिले की काम संपतं. यादी नसली की नजर मोकळी असते. ती एका पुस्तकावर टेकते, तिथून शेजारच्यावर सरकते, आणि मला हवं असतं ते बहुतेक वेळा त्या शेजारच्या पुस्तकात असतं. ते आहे हे मला ठाऊक नसतं, म्हणून मी ते कधी मागितलंही नसतं. मोबाइलवर पुस्तक मागवताना ही गंमत होत नाही. तिथे मी आधी जे घेतलं त्याच्यासारखंच आणखी पुढे केलं जातं. दुकानातल्या फळीला माझी आवडनिवड माहीत नसते, आणि तेच मला फार हवंसं वाटतं.

सवयीप्रमाणे सगळ्यात खालच्या फळीपासून सुरुवात केली. डोळ्यांसमोरच्या फळीवर नवी, खपणारी पुस्तकं असतात. खाली, जिथे वाकावं लागतं, तिथे दुकानदाराने मागवलेली पण कुणी न उचललेली पुस्तकं साठत जातात. पुस्तक हातात आलं की मी पहिलं पान वाचत नाही, कारण पहिल्या पानावर प्रत्येक लेखक जपून लिहितो. मधलं कुठलं तरी पान उघडते आणि परिच्छेदभर वाचते. मग मागे येऊन आवृत्तीचं पान पाहते: पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रण कधीचं, मुखपृष्ठ कुणाचं. दीनानाथ दलालांचं नाव दिसलं की थोडी जास्त थांबते. दलाल मडगावचे. मराठी पुस्तकांना आणि दिवाळी अंकांना या माणसाने चेहरा दिला, आणि तो चेहरा आमच्याकडून गेला होता याचा मला मनापासून अभिमान आहे.

पाऊस ओसरेपर्यंत दारात उभी होते. समोर पालिकेची बाग आहे, तिला गार्सिया द ऑर्ता यांचं नाव दिलेलं आहे. बाकड्यांवर बसणाऱ्या किती जणांना हा माणूस ठाऊक असेल? तो वैद्य होता. इथली औषधी झाडं, मसाले, मुळं यांवर त्याने लिहिलेलं पुस्तक १५६३ साली जुन्या गोव्यात छापलं गेलं. भारतात खिळे जुळवून छापण्याची सुरुवात झाली ती त्याआधी सातच वर्षं, १५५६मध्ये, इथल्याच सेंट पॉल कॉलेजात. आणि तो छापखाना गोव्यासाठी आलाच नव्हता. तो इथिओपियाला निघाला होता. वाटेत इथे थांबला तो थांबलाच. मागवलेलं एक आणि हातात पडलेलं दुसरंच, हे गोव्याच्या नशिबात छपाईच्या पहिल्या दिवसापासून आहे म्हणायचं.

पुस्तकांच्या दुकानासमोर पुस्तकवाल्या माणसाची बाग असावी हे कुणी ठरवून केलं असेल असं वाटत नाही. पण ते तसं आहे, आणि आज पहिल्यांदाच मला ते एकत्र दिसलं.

सोमवार, रात्री

डिचोलीतल्या आमच्या दुकानाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. नाव लिहीत नाही, मालकांना ते आवडणार नाही. लहान गावातलं पुस्तकांचं दुकान म्हणजे मुख्यतः वह्यांचं दुकान. दर्शनी भागात कंपासपेट्या, चार्टपेपर, खाकी कव्हरं, प्रोजेक्टच्या फाइली. साहित्य मागच्या कपाटात. पण ते कपाट आहे, आणि ते का टिकलंय हे मी इतकी वर्षं जाऊन हळूहळू समजून घेतलं आहे.

जून महिना त्या कपाटाला जगवतो. शाळा उघडल्या की दोन आठवडे दुकानात उभं राहायला जागा नसते. त्या कमाईवर पुढचे महिने निघतात. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी येते, तेव्हा आरतीसंग्रह आणि पूजाविधीची पुस्तकं खपतात. दिवाळीला अंक. वर्ष संपत आलं की कालनिर्णय आणि पंचांगं. या सगळ्यातून जे सुटतं त्यातून मालक पुण्या-मुंबईच्या वितरकांकडून चार कादंबऱ्या, दोन कवितासंग्रह, एखादं चरित्र मागवतात. त्यातलं काही विकलं जातं, काही राहतं. राहिलेलं परत पाठवायचं तर पार्सलचा खर्च अंगावर, म्हणून बऱ्याचदा ते राहूनच जातं. कवितासंग्रह मागवणं म्हणजे पैसे अडकवून ठेवणं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी मागवतात. मी एकदा विचारलं होतं, का? ते म्हणाले, "बाय, कपाटांत कवितां नासल्यार तें पुस्तकांचें दुकान कशें?" कपाटात कविता नसतील तर ते पुस्तकांचं दुकान कसलं?

म्हणून मी त्यांच्याकडे सवलत मागत नाही. ऑनलाइन तेच पुस्तक स्वस्तात मिळतं हे मलाही दिसतं. पण ते पुस्तक अस्तित्वात आहे हे मला त्या कपाटाने सांगितलेलं असतं. कपाटासमोर अर्धा तास उभं राहायचं, पानं चाळायची, नाव टिपून घ्यायचं आणि घरी येऊन दुसरीकडून मागवायचं, हे मला जमणार नाही. तो अर्धा तास कुणाच्या तरी भाड्यात, विजेच्या बिलात आणि श्रमात बसलेला असतो. मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल १९४८पासून होतं आणि २०१८मध्ये बंद झालं, तेव्हा हळहळणाऱ्यांची गर्दी झाली होती. त्या गर्दीतले निम्मे जरी महिन्याला एक पुस्तक तिथून घेत असते तर, असं तेव्हा वाटलं होतं, अजूनही वाटतं.

पावसाळा हा या दुकानांचा मोठा वैरी. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलेली, कारण भिंतीला ओल येते. फळ्यांच्या कोपऱ्यात डांबरगोळ्या. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मालक एकेक पुस्तक काढून कोरड्या फडक्याने पुसतात, पानं फरफरवून परत ठेवतात. कसर लागली की ती बांधणीतली खळ खाते आणि मुखपृष्ठावर नकाशासारख्या रेघा उठतात. वाळवी आली तर बोलायलाच नको. म्हणजे आषाढ-श्रावणात आपण एखादं सहा-सात वर्षांपूर्वीचं पुस्तक नवंकोरं म्हणून उचलतो तेव्हा ते तितके पावसाळे कुणीतरी हाताने वाचवलेलं असतं.

त्या जुन्या मालाचा आणखी एक आनंद आहे. छापील किंमत. आज तेवढ्यात चहा-भजीसुद्धा होणार नाही अशा किमतीची पुस्तकं मागच्या रांगेत निघतात. काही ठिकाणी त्यावर नवी चिठ्ठी डकवतात. आमचे मालक डकवत नाहीत, छापली आहे तेवढीच घेतात.

बुधवार

जेवणाच्या सुट्टीत मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन आले. ऑफिसपासून चालत पाच मिनिटं. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आता पाटोवर मोठ्या इमारतीत आहे आणि कृष्णदास शामा यांचं नाव लावतं. ग्रंथालय मला प्रिय आहे. पण तिथे पुस्तकं वर्गीकरणाने बसतात, क्रमांकाने. इतिहासाशेजारी इतिहास. दुकानात ती माणसाच्या हाताने बसतात, आणि म्हणून तिथला शेजार वेगळा असतो. आज एवढंच.

गुरुवार, उशिरा

त्या शेजाराबद्दलच थोडं.

गोव्यातल्या दुकानात देवनागरी पुस्तकांची फळी असते, तिथे पाठीवरच्या नावावरून पुस्तक मराठी की कोंकणी हे बऱ्याचदा कळतच नाही. नावं दोन्हीकडे शोभतील अशी, आडनावं तीच. उघडून पहिलं वाक्य वाचलं की उलगडतं. महाराष्ट्रातून आलेल्या एका मैत्रिणीला हे फार नवलाचं वाटलं होतं. तिच्या शहरात मराठी फळीवर मराठीच असतं. मला मात्र लहानपणापासून हा क्षण माहीत आहे: पुस्तक उघडायचं आणि आता कोण बोलणार याची वाट पाहायची. घरात बोलतो एक, शाळेत वाचलं दुसरं, आणि दोन्ही आपलंच. भाषेच्या वादात इथे माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालेली मी पाहिली आहेत. त्या काळातही फळीवर ही पुस्तकं खांद्याला खांदा लावून उभी होती. बा. भ. बोरकर तर दोन्ही भाषांत लिहीत, त्यांना दुकानदार कुठे ठेवणार? जिथे जागा असेल तिथे.

पलीकडच्या फळीवर रोमी, म्हणजे रोमन लिपीतली, कोंकणी. त्यापुढे इंग्रजी. आणि एखाद्या जुन्या दुकानात पोर्तुगीजही, फार नाही, पण असतं. माझ्या आजोबांची पिढी ते वाचायची, मला अक्षरं लागतात पण अर्थ लागत नाही.

लिप्या आणि भाषा यांची ही सरमिसळ आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातून आलेला जेझुइट. त्याने ख्रिस्तपुराण मराठी ओव्यांत लिहिलं, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि ते १६१६मध्ये सासष्टीत रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवीचा, अक्षरं रोमन, कारण देवनागरी खिळे नव्हते. त्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या आणि या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. छापील पुस्तक एवढं पुसलं जाऊ शकतं, याची मला अजूनही धास्ती वाटते. पुढे गोव्यातली छपाईच सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात थांबली ती १८२१पर्यंत. ज्या भूमीत भारतातला पहिला छापखाना आला तिथे जवळजवळ दीडशे वर्षं काही छापलं जात नव्हतं.

आणि नंतर छापलं जाऊ लागलं तरी मोकळेपणा कुठला? घरातली मोठी माणसं सांगायची, सालाझारच्या राजवटीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागे. मराठी पुस्तकं मुंबईहून, बेळगावहून यायची ती कधी उघडपणे, कधी कपड्यांच्या घड्यांत. वाचणाऱ्याला विचार करावा लागे की हे आपल्याकडे सापडलं तर काय. १९६१च्या डिसेंबरात ते संपलं. मी नंतर जन्मले, मला हे फक्त ऐकून ठाऊक. पण दुकानात कुणी न विचारता कुठलंही पुस्तक उचलावं, उभ्या उभ्या वाचावं, पटलं नाही तर ठेवून द्यावं, ही साधी मुभा आमच्या घरात एक पिढी आधी नव्हती. हे आठवलं की पान उलटतानासुद्धा बरं वाटतं.

झोप येत नाहीये, तर धर्मानंद कोसंबींचंही लिहून ठेवते. सांखवाळचे. जन्म १८७६चा. शिक्षण फारसं नाही, घरची नारळीची बागायत, प्रकृती यथातथा. त्यांच्या हातात 'बालबोधमेवा' या मुलांच्या मराठी मासिकाचा अंक पडला आणि त्यात बुद्धाच्या चरित्रावरचा लेख होता. तो लेख वाचून हा माणूस हळूहळू असा पेटला की १८९९मध्ये घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश. पुढे पालीचा एवढा मोठा पंडित झाला की हार्वर्डने बोलावलं. सुरुवात कशाने झाली, तर मुलांच्या मासिकाने! तो अंक त्यांनी मागवला नव्हता, बुद्धाबद्दल वाचायचं असं ठरवलंही नव्हतं. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं किती साधेपणाने सांगितलं आहे.

मी जेव्हा म्हणते की न शोधलेलं पुस्तक सापडावं, तेव्हा माझ्या मनात सांखवाळचा हा तरुण असतो. तो लेख शोधायला त्याला शब्दच सुचले नसते.

रविवार

कळंगुटला जाऊन आले. गावरा वाड्यावर लिटराटी आहे, २००५पासून. जुन्या गोवेकरी घरातलं दुकान. खोल्याखोल्यांतून पुस्तकं, बाहेर झाडं, बसून कॉफी पिता येते. किनाऱ्याकडे जाणारी गाड्यांची रांग तिथून जवळच, आणि आत आलं की तिचा विसर पडतो. इंग्रजीच जास्त. वापरलेली पुस्तकंही असतात, म्हणून इथे आणखी एक सुख मिळतं: आतल्या पानांवरच्या खुणा. दूरच्या देशातला कुणी सुट्टीवर आला, विमानात वाचलं, जाताना सोडून गेला. समासात पेन्सिलीने एका ओळीखाली रेघ. मी ती ओळ दोनदा वाचली. मी तिथे रेघ मारली नसती, पण त्या माणसाने का मारली असेल यात बराच वेळ गेला.

खोलीमागून खोली असं फिरताना एक कळलं. घरातलं दुकान वेगळं चालतं. मोठ्या मॉलमधल्या दुकानात वाट आखलेली असते, पाट्या वरून लोंबतात. इथे दार ओलांडलं की पुढच्या खोलीत काय हे आत गेल्याशिवाय कळत नाही. बागकामाच्या पुस्तकांकडून मी प्रवासवर्णनांकडे गेले आणि तिथून मुलांच्या पुस्तकांपाशी जमिनीवर बसले. कुणी उठवलं नाही.

परतताना म्हापशावरून आले. म्हापसा म्हटलं की मला शुक्रवारचा बाजार आणि अदर इंडिया बुकस्टोअर ही दोन एकदम आठवतात. क्लॉड आल्वारिस यांनी सुरू केलेलं ते दुकान मला फार थोर वाटायचं, कारण त्यांनी एक ठाम गोष्ट ठरवली होती: आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिका इथल्या लेखकांना जागा द्यायची. पश्चिमेची पुस्तकं कुठेही मिळतात, यांची मिळत नाहीत, म्हणून ही ठेवायची. शेती, पाणी, शिक्षण, औषधं यांवरची पुस्तकं तिथे होती. फुकुओकांच्या नैसर्गिक शेतीवरच्या पुस्तकाची भारतीय आवृत्तीही त्यांच्याच प्रकाशनाने काढली. भाजी आणि चोरीस, म्हणजे गोव्याचं सॉसेज, घेऊन घरी जाणाऱ्या पिशवीत वर एक जपानी शेतकऱ्याचं पुस्तक, असं आमच्या घरी आलेलं आहे. वडिलांनी ते वाचून परड्यात नांगरणी थांबवायचे बेत केले होते, आईने ते चालू दिले नाहीत.

स्वतंत्र दुकानाचा मला वाटणारा अर्थ तिथे सगळ्यात स्पष्ट दिसला होता. एखादा माणूस म्हणतो, मी हे ठेवीन आणि हे ठेवणार नाही, आणि त्या निवडीची किंमत स्वतः भरतो. पणजीचं ब्रॉडवे गोव्यावरच्या पुस्तकांसाठी एवढी जागा देतं ती अशीच निवड आहे. मडगावचं गोल्डन हार्ट तसंच. गोव्यावर काही शोधायचं तर तिथे जा, असं लोक एकमेकांना सांगतात. गावाच्या इतिहासावर एखाद्या शिक्षकाने स्वखर्चाने छापलेली पुस्तिका, एका वाड्याच्या जत्रेची माहिती, देवळांवरची लहान पुस्तकं: ही कुठल्याही मोठ्या दुकानाच्या यादीत बसत नाहीत. अशा दुकानदाराने ठेवली तरच ती कुणाला तरी दिसतात. लेखक स्वतः पाच-दहा प्रती पिशवीतून आणून देतो, आणि विकल्या की पैसे न्यायला येतो. हा व्यवहार दोघांच्याही पोटाला फारसा पुरत नाही हे उघड आहे. पण आमच्या गावांबद्दल जे काही लिहिलं गेलंय, त्यातलं कितीतरी अशाच पिशव्यांतून माझ्यापर्यंत आलं.

मंगळवार

डिचोलीहून फोन. "बाय, तुका जाय आशिल्लें तें पुस्तक आयलां." मी मागवून ठेवलं होतं, विसरूनही गेले होते. संध्याकाळी उतरल्या उतरल्या गेले. काउंटरवर कागदात बांधून ठेवलेलं होतं, त्यावर पेनने माझं नाव. ते घेतलं आणि मागच्या कपाटाकडे गेलेच. दुसऱ्या फळीवर वाळपईकडच्या एका माणसाचं रानभाज्यांवरचं छोटं पुस्तक होतं, नव्वद पानं, साधा कागद, छायाचित्रं काळी-पांढरी. टायकिळा, कुड्डूक, आकूर, तेरें. पावसाळ्यात आमच्या घरी जे जे शिजतं ते सगळं, आणि शिवाय मी कधी न ऐकलेल्या आठ-दहा भाज्या. घेतलं. मागवलेलं पुस्तक अजून कागदातच आहे, आणि हे निम्मं वाचून झालं. तेरें खाजरं असतं म्हणून आंबटाण घालूनच शिजवतात, हे आई नेहमी करते. त्यामागचं कारण मला आज कळलं.

मालकांनी दिवाळी अंकांची यादी आत्ताच मागितली. आधी नावं कळली की तेवढे जास्त मागवता येतात, म्हणाले. चार सांगितले. पाचवा तुम्हीच ठरवा म्हटलं, मला माहीत नसलेला कुठलाही. ते खूश झाले, त्यांनी यादीत माझ्या नावापुढे तसं लिहूनही ठेवलं.

येत्या शनिवारी भाचीला पणजीला घेऊन जाणार आहे. सातवीत आहे, वाचते, पण तिला लागणारी पुस्तकं आत्तापर्यंत मीच आणत आले. तिला पाचशे रुपये द्यायचे आणि दोन तास. काय घ्यायचं ते मी सांगणार नाही, दुसऱ्या टोकाला माझी फळी बघत उभी राहीन. वहिनीला आधीच सांगून ठेवलंय, काहीही घेऊन आली तरी विचारू नकोस की हे कशाला.